संगणकाची सोबत आणि आपले वाङ्मय

एखादी नवी वस्तू घरात आली की काही काळाने ती वाङ्मयातही आपोआप येते, असा आपला एक समज आहे. तो बरोबर नाही. वस्तू घरात येते ती दारातून. वाङ्मयात यावयाचे तर तिला कोणाच्या तरी मनातून यावे लागते, आणि ही वाट पुष्कळ लांबची आहे. महाराष्ट्रातील मध्यम वर्गाच्या घरांत संगणकाने पाऊल टाकले त्याला आता सुमारे चाळीस वर्षे होतील. प्रथम अगदी थोड्या घरांत, पुढे पुष्कळ घरांत, तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टेबल अडवून बसला. त्याच्या शेजारी बसून जी मुले मोठी झाली, ती आज स्वतः आईबाप झाली आहेत. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून ज्याच्याकडे धाव घ्यावयाची, सुटीतील दुपार ज्याच्यासंगे घालवावयाची, भावंडांशी ज्याच्यावरून भांडावयाचे, असा हा त्या घरांतला एक गडीच होता. इतक्या निकटच्या या सहवासाचे मराठी वाङ्मयात काय झाले, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे. आपल्या लेखकांनी संगणकाची माहिती दिली, त्याच्या सामर्थ्याचे नवल केले, त्याचे भय दाखविले आणि त्याच्याविरुद्ध तक्रारही केली. त्याची सोबत मात्र आपल्या ठळक साहित्यकृतींत उतरली नाही. ही उणीव लहान नाही, असे आमचे म्हणणे आहे.

या विचारास नाशिकहून सोयीचे ठिकाण क्वचितच मिळेल. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला; पुण्यास सी-डॅक या संस्थेने १९९१ साली 'परम' हा महासंगणक घडविला. या दोन्ही गोष्टींना इतिहास आहे आणि तो अभिमानाने सांगितलाही जातो. नाशिकने संगणक घडविला असे कोणी म्हणणार नाही. नाशकात तो राहावयास आला. ओझरचा विमानांचा कारखाना, नाशिकरोडचे सरकारी छापखाने, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती यांतून महिन्याचा पगार घरी आणणाऱ्या कुटुंबांचे हे शहर. मुलाच्या शिक्षणासाठी, हप्त्याने का होईना, पण संगणक घ्यावा असे ज्यांना वाटे, त्या घरांचा हा गाव. वाङ्मयाच्या बाजूने पाहिले तरी आमच्या प्रश्नाची दोन्ही टोके याच ठिकाणी सापडतात. मराठीतील बालपणाची सर्वांत प्रसिद्ध कहाणी, 'श्यामची आई', साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आणि २०२१ च्या डिसेंबरात नाशकात जे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांना, म्हणजे एका वैज्ञानिकाला व विज्ञानकथाकाराला मिळाले. एका टोकास आई आणि मूल, दुसऱ्या टोकास विज्ञान आणि यंत्र. या दोहोंच्या मधल्या जागेत, घरातील यंत्राशेजारी बसलेले जे मूल, ते कोणाच्या वाट्यास आले? पाहू गेल्यास, कोणाच्याच नाही.

प्रथम विज्ञानकथेचा विचार करू. नारळीकरांनी मराठी वाचकांवर जे उपकार केले ते मोठे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले तेव्हा मराठी घरांतून जी हळहळ व्यक्त झाली, ती एका शास्त्रज्ञाइतकीच एका कथाकारासाठीही होती. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत लुप्त झालेल्या एका संस्कृतीचे ज्ञान हाती लागते, त्यातून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडतो आणि नावातील पुराणकथेला जागून तो माणसाचीच जागा व्यापू पाहतो. कल्पना भव्य आहे, तर्क काटेकोर आहे, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जी चर्चा चालते तिची पूर्वसूचना त्यात आहे. परंतु वामन प्रयोगशाळेत जन्मतो. त्याच्याशी ज्यांचा संबंध येतो ते शास्त्रज्ञ, अधिकारी, राष्ट्रे. वामनाशेजारी पाटावर बसून दूधपोळी खाणारे मूल त्या कादंबरीत नाही, आणि असण्याचे कारणही नाही, कारण तिचा विषय मानवजातीचे भवितव्य हा आहे. विज्ञानकथेचे लक्ष दूरच्या उद्याकडे असते. इकडे घरात जे घडत होते ते आजचे होते, लहान होते आणि कोणाच्याही भवितव्याचा निकाल लावणारे नव्हते. म्हणून ते तिच्या दुर्बिणीतून सुटले.

कवितेकडे वळावे तर तेथेही यंत्र आधीपासून एका ठरावीक वेषात उभे आहे. नाशिकच्याच कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' या १९४२ च्या संग्रहातील 'आगगाडी आणि जमीन' ही कविता अनेक वाचकांस शाळेपासून परिचित असेल. तीत यंत्र हे मत्त सत्तेचे रूप आहे आणि तुडविली जाणारी जमीन शेवटी उठाव करते. मर्ढेकरांच्या कवितेत यंत्र बाहेरून येऊन तुडवीत नाही. ते माणसाच्या आत शिरून त्यालाच यंत्र करून टाकते. दोन्ही कवींनी आपापल्या काळाचे सत्य सांगितले. गिरणी, आगगाडी व महायुद्ध ही ज्या पिढीची यंत्रे, तिला यंत्रात मालक किंवा वैरी दिसला तर नवल नाही. पण ही रूपके इतकी बळकट ठरली की पुढे अगदी निराळ्या जातीचे यंत्र दारात आले तेव्हाही आपण त्याला तोच जुना अंगरखा चढविला. आगगाडीशी लहान मुलाने गुजगोष्टी केल्या नव्हत्या. या नव्या यंत्राशी मूल रोज काही लिहून बोलत होते आणि ते यंत्र उत्तर देत होते. हा संबंध धन्याचा, चाकराचा वा शत्रूचा यांपैकी एकही नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे होते.

तिसरा प्रकार माहितीपर ग्रंथांचा. यात अच्युत गोडबोले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. 'संगणकयुग' या पुस्तकाने मराठी वाचकास हा विषय सोप्या, प्रसन्न भाषेत समजावून दिला. 'मुसाफिर' या आत्मचरित्रात सोलापूरचा एक हुशार मुलगा मुंबईच्या आय.आय.टी.त शिकून पुढे सॉफ्टवेअरच्या जगात कसा शिरला व कसा वाढला, हे मोकळेपणाने सांगितले आहे. मराठीतून संगणकावर लिहिता येते हेच ज्या काळी सिद्ध करावयाचे होते, त्या काळी हे काम अत्यंत मोलाचे. तथापि त्या पिढीस संगणक भेटला तो तरुणपणी, नोकरीच्या निमित्ताने. शिकून जिंकावयाची विद्या म्हणून. ज्याला तो सातव्या-आठव्या वर्षी, दुधाचे दात पडण्याच्या सुमारास भेटला, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला विद्या मिळवावयाची नव्हती. त्याला खेळावयाचे होते.

आणि चवथा प्रकार तक्रारीचा. वर्तमानपत्रांतील सदरे, पालकांच्या सभांतील भाषणे, दिवाळी अंकांतील चिंतनपर लेख यांतून एक वाक्य निरनिराळ्या रूपांत कानी पडत आले : मुलांना कॉम्प्युटरचा नाद लागला आहे. चिंता खरी होती आणि आज मोबाइलच्या संबंधात ती दुणावली आहे. पण तक्रारीस एक मोठी मर्यादा असते. जिची तक्रार करावयाची त्या वस्तूकडे ती कधी निरखून पाहत नाही.

येथे आपल्या भाषेचीच मदत घेणे इष्ट. अशा संबंधांसाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत, आणि ते सूक्ष्म आहेत. छंद आपण धरतो. नाद आपल्याला लागतो. साधन काम झाले की ठेवून द्यावयाचे. संगत चांगली किंवा वाईट असते, म्हणून वडील माणसे तिची चौकशी करतात. सोबतीची गोष्ट या सर्वांहून निराळी. रात्री घरात एकटे निजावयाची वेळ आली तर शेजारच्या मुलास सोबतीला बोलावतात. अंधाऱ्या वाटेने जावयाचे तर कोणी सोबत येतो. त्याने गोड बोलावे, आपल्यावर माया करावी, अशी अट नसते. त्याचे असणे पुरते. सख्याला हृदय लागते. सोबतीला उपस्थिती लागते. माहितीच्या पुस्तकांनी संगणकास साधन म्हटले, पालकांनी नाद म्हटले. मुलांच्या अनुभवास जो शब्द नेमका बसतो तो दोघांनीही वापरला नाही.

ही सोबत कशी होती, हे थोडे तपशिलाने पाहिल्यावाचून तिची वाङ्मयीन योग्यता कळणार नाही. १९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर स्पेक्ट्रम नावाचा छोटा संगणक निघाला, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स या कंपनीने तोच 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने आपल्याकडे आणला. त्याची स्मरणशक्ती ४८ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर येणाऱ्या एका साध्या छायाचित्राहूनही पुष्कळ कमी. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरातील दूरदर्शन संचच त्याला जोडावा लागे. म्हणजे ज्या पडद्यावर १९८७-८८ साली रविवारी सकाळी सारे घर 'रामायण' पाहावयास बसे, त्याच पडद्यावर मुलाचा सोबतीही प्रकट होई, आणि संच कोणाचा यावरून घरात रामायणाव्यतिरिक्त महाभारतही घडे. खेळ कॅसेटवर असत. टेप सुरू केला की कानठळ्या बसविणारा कर्कश आवाज काही मिनिटे चाले, पडद्याच्या कडांवर रंगीत पट्टे धावत, आणि एवढे सोसल्यावर पुष्कळदा एकच ओळ उमटे : 'टेप लोडिंग एरर'. पुन्हा कॅसेट मागे घ्यावयाची, पुन्हा तोच आवाज. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या पिढीस कोणत्याही सुभाषितापेक्षा या आवाजाने अधिक शिकविले.

त्याच्या कळींवर नुसती अक्षरे नव्हती. एकेका कळीवर इंग्रजी आज्ञेचे अख्खे शब्द छापलेले असत. आज्ञेचे व्याकरण चुकले की तो सांगे, 'नॉन्सेन्स इन बेसिक'. पुढे घरोघर जे मोठे संगणक आले, त्यांची काळ्या पडद्यावरील तक्रार असे, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलास या वाक्यांचा अर्थ शब्दशः लागत नसे. पण आपण चुकलो एवढे कळे. आणि विशेष हे, की हा सोबती रागावत नसे. मास्तर छडी उगारीत, वडील डोळे वटारीत. याने शंभरदा तीच चूक दाखविली तरी त्याचा आवाज चढत नसे, आणि शंभर-एकाव्या वेळी बरोबर आले तर पूर्वीच्या शंभर चुकांची आठवण तो काढीत नसे. ज्या मुलास चारचौघांत चुकण्याची लाज वाटे, त्याला या निर्विकारपणात केवढा दिलासा असेल! या दिलाशावर एक उत्तम कथा लिहिता येईल.

नव्वदच्या दशकात या सोबतीस घरातील मानाची जागा मिळाली. त्याच्यावर घरीच शिवलेले कापडी आच्छादन आले. शाळेतील संगणकाच्या खोलीत तर चपला काढून शिरावयाचे, जणू देवघरच. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी दप्तरात जपून नेली जाई. छिद्रांच्या किनारीचा कागद करकरत छापयंत्रातून बाहेर येई व त्यावर उमटलेला दिवाळीचा आकाशकंदील दारावर लागे. एक यंत्र आणि तीन भावंडे असली म्हणजे घड्याळ लावून पाळ्या ठरत, आणि पुष्कळ घरांत बहिणीची पाळी भावाच्या अभ्यासासाठी आखूड होई. पुढे भारनियमनाची वर्षे आली. वीज गेली की यंत्राखालचा बॅटरीचा डबा टूं-टूं असा विव्हळू लागे, आणि काही मिनिटांत हाती लागेल ते वाचवून सोबत्यास निजवावे लागे. सोबत ही अशाश्वत आहे, तिचा धागा कोयना-एकलहऱ्याच्या विजेशी बांधलेला आहे, ही जाणीव मराठी मुलाच्या संगणकप्रेमात जशी होती तशी इंग्लंड-अमेरिकेतील मुलाच्या क्वचितच असेल. हा आपला स्वतःचा अनुभव आहे. तो कोणाच्या भाषांतरातून येणार नाही.

परदेशात या अनुभवाकडे लक्ष देणारी माणसे वेळीच निघाली, हे येथे सांगितले पाहिजे. सेमूर पॅपर्ट यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा रचण्यात पुढाकार घेतला. पडद्यावर कासव चालवून मुले भूमिती शिकत. त्यांचे 'माइंडस्टॉर्म्स' हे १९८० सालचे पुस्तक बालपणी दातेरी चक्रांवर जडलेल्या स्वतःच्या प्रेमाच्या हकिगतीने सुरू होते. वस्तूवरील प्रेमातून विचार कसा उगवतो, हा त्यांचा सिद्धान्त. शेरी टर्कल या विदुषीने तर 'द सेकंड सेल्फ' या १९८४ च्या ग्रंथात मुलांशेजारी बसून त्यांचे बोलणेच टिपले. फुल्ली-गोळा खेळणारे एक विजेचे खेळणे हरवते तेव्हा ते लबाडी करते की नाही, यावर लहान मुले वाद घालतात : लबाडी करावयाची तर आपण लबाडी करतो आहोत हे ठाऊक असावे लागते, मग या खेळण्यास ते ठाऊक आहे काय? जीव म्हणजे काय, मन म्हणजे काय, हे प्रश्न त्या मुलांस कोणी शिकविले नव्हते. सोबत्याने ते त्यांच्यापुढे टाकले. आपल्याकडेही १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून काही शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. त्या शाळांतील मुलांनीही असेच वाद घातले असतील. ते ऐकावयास मराठी लेखक जवळ नव्हता.

आता 'श्यामची आई'कडे पुन्हा यावे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने मराठी बालपणाचा जो साचा पाडला तो अजून मोडलेला नाही. रात्रीमागून रात्र श्याम आपल्या सोबत्यांस आईच्या आठवणी सांगतो. आणि त्या आठवणींत वस्तू येते ती संस्काराचे निमित्त म्हणून. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला आई मनाचीही तशीच काळजी घ्यावयास सांगते, तेव्हा तिच्या पदराला व अंगणातील दगडाला जो अर्थ येतो तो तिच्यामुळे येतो. ज्ञान वरून खाली येते, आईकडून मुलाकडे. संगणकाच्या घरात हीच दिशा उलटली. कळ कोणती दाबावी हे मूल आईस सांगू लागले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम पुढे सरकारी नोकरांसाठी आवश्यक ठरला, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतील आईवडील वह्या घेऊन शिकवणीस जाऊ लागले आणि रात्री आपल्याच मुलाकडून उजळणी करून घेऊ लागले. ज्या मुलास कालपर्यंत पाढे म्हणून दाखवावे लागत, तोच आज परीक्षक झाला. यात विनोद आहे, थोडी व्यथा आहे, आणि कुटुंबातील सत्तेचा एक मोठा फेरफारही आहे. एखाद्या कादंबरीस याहून अधिक काय हवे?

साने गुरुजींचा साचा येथे अपुरा पडतो. पण आपल्याजवळ दुसराही नमुना आहे, आणि तोही नाशिकच्याच परिसरातला. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकणाऱ्या या बाईंनी आपल्या अडाणीपणाच्या व फजितीच्या हकिगती ज्या निर्मळ हास्याने सांगितल्या आहेत, त्याला मराठीत तोड नाही. मोठेपणी शिकणाऱ्या माणसाची लाज आणि आनंद एकाच वाक्यात कसे मावतात, ते त्या पुस्तकात पाहावे. माउस हातात धरताना थरथरणाऱ्या आईचे चित्र ज्याला काढावयाचे असेल, त्याने विज्ञानकथेच्या दारात न जाता लक्ष्मीबाईंच्या पायाशी बसावे.

येथवर सोबतीच्या गोडव्याविषयी लिहिले. आता तिच्यातील मुख्य अडचणीविषयी लिहावयाचे, कारण ती नुसत्या स्मरणरंजनाने झाकली जाते. हा सोबती इंग्रजी बोलत असे. घरात आई मराठीत हाक मारी, आणि त्याच खोलीत मूल दुसऱ्या भाषेत आज्ञा देई व उत्तरे ऐके. जिज्ञासेची भाषा आणि मायेची भाषा यांची अशी फारकत मुलाच्या मनात किती लवकर झाली! 'संगणक' हा शब्द आपण पाठ्यपुस्तकात ठेवला. घरात तो 'कॉम्प्युटर'च राहिला. विज्ञानाच्या निबंधात 'संगणक' शोभतो, पण त्या शब्दास बालपण नाही. त्याच्या नावाने कोणी कधी भांडले नाही की रडले नाही. या पिढीची गोष्ट लिहिणाऱ्याने पात्रांच्या तोंडी 'कॉम्प्युटर' घालण्यास संकोच करू नये. भाषेचे पावित्र्य अनुभवाला परके करून टिकत नाही.

मराठीसाठी खटपट झाली नाही असे नव्हे. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले 'जिस्ट' हे तंत्र संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटवी. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या सांकेतिक प्रमाणास मान्यताही मिळाली. परंतु घरगुती संगणकावर जी मराठी आली, ती बहुतेक निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांतून आली, आणि प्रत्येक फाँटाची सांकेतिक मांडणी वेगळी. आत रोमन अक्षरांचेच आकडे. वर फक्त देवनागरीचा मुखवटा. याचा परिणाम आज दिसतो. नव्वदच्या दशकात एखाद्या मुलाने मामास लिहिलेले मराठी पत्र, केलेली पहिली कविता, शाळेच्या हस्तलिखिताचा मजकूर, जुन्या फाइलीतून आज उघडला तर, तो फाँट नसल्यास, पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन कचरा पसरतो. त्याच दिवशी त्याच मुलाने लिहिलेला इंग्रजी निबंध मात्र स्वच्छ वाचता येतो. एका पिढीच्या बालपणातील मराठी भाग असा पुसट होत गेला. युनिकोडने पुढे हा घोळ निस्तरला. पण गेलेली अक्षरे बहुतेक गेलीच. आजोबांच्या ट्रंकेतील मोडी कागद वाचणारा माणूस अजून सापडतो. नातवाच्या फ्लॉपीतील देवनागरी वाचणारा शोधावा लागतो.

येथे कोणी आक्षेप घेईल, की हे सारे थोड्या सुखवस्तू घरांचे कौतुक झाले. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांस ही सोबत लाभलीच कोठे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर विषय टाळण्यात नसून तो रुंद करण्यात आहे. नाशिकचेच कवी अरुण काळे यांच्या एका संग्रहाचे नाव 'नंतर आलेले लोक' असे आहे. जागतिकीकरणाच्या पंक्तीस ज्यांना उशिरा पोहोचावे लागले त्यांची जाणीव त्या नावातच आहे. ज्याने संगणक घरी पाहिला नाही, ताशी पैसे मोजून सायबर कॅफेच्या फळकुटाआड पाहिला, त्याची सोबत घाईची, मोजलेली, उधारीची होती. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट या लहानशा वाडीतील एकशिक्षकी शाळेत २००७ साली प्रत्येक मुलास एकेक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. ज्या वस्तीत पुस्तकेही मोजकी, तेथे हा सोबती एकदम हाती आला. दिवाणखान्यातील संगणक, कॅफेतील संगणक आणि वाडीतील संगणक या एकाच यंत्राच्या तीन गोष्टी आहेत. आणि ज्या घरात बहिणीची पाळी आखूड झाली त्या बहिणीची गोष्ट चवथी. चारही लिहिल्या गेल्या तरच चित्र पुरे होईल.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. निर्जीव यंत्रास सोबती म्हणणे हा भाबडेपणा नव्हे काय? असे म्हणणाऱ्यांनी आपलीच परंपरा विसरू नये. पहाटेच्या अंधारात जात्याशी बसून मराठी स्त्रियांनी शतकानुशतके ओव्या गाइल्या. माहेरचे दुःख, सासरचा जाच, भावाचे कौतुक त्यांनी ज्याला सांगितले ते दगडाचे दोन तुकडे होते. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनी आपल्या बोलीतील 'घरोट', म्हणजे जाते, यावर गाणे रचले, तेव्हा त्या भाबड्या नव्हत्या. हातातील अवजाराशी बोलता बोलता माणूस स्वतःशी बोलू लागतो, हे त्यांना पंडितांहून चांगले ठाऊक होते. जात्याने उत्तर दिले नाही, म्हणून ओवी बाईच्याच तोंडून आली. संगणक उत्तर देतो, आणि म्हणून मुलाची ओवी अडून राहिली असावी. बोलण्याची पाळी त्याची आली की सोबती आधीच बोलून जाई. हा भेद मोठा आहे, आणि समीक्षेला खरे काम येथेच आहे : उत्तर देणाऱ्या सोबत्यापुढे माणसाचा स्वतःशी चाललेला संवाद वाढतो की आटतो? याचा निर्णय सिद्धान्ताने होणार नाही. ज्यांनी तो काळ अनुभवला त्यांच्या प्रामाणिक कथनांतूनच तो होईल.

आणि हे कथन आताच व्हावयास हवे, याला एक तातडीचे कारण आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि त्यानंतरच्या काळात घरातील यंत्र मराठीतही बोलू लागले. ज्या सोबत्याने चाळीस वर्षे 'बॅड कमांड' एवढेच सांगितले, तो आज विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण वाक्यांत, बरेचसे शुद्ध, काहीसे कोरडे असे मराठी उत्तर देतो. आजच्या मुलास भाषेची फारकत कदाचित सोसावी लागणार नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. पण हे यंत्र मराठी शिकते ते आपण लिहून ठेवले आहे त्यावरून. जे आपण लिहिले नाही ते त्याला ठाऊक असणार नाही. त्याला आगगाडीवर चिडलेली जमीन कदाचित ठाऊक असेल, वामन ठाऊक असेल. कापडी आच्छादनाखाली निजलेला, वीज गेल्यावर विव्हळणारा, कधीही न रागावणारा नाशिकच्या दिवाणखान्यातील कॉम्प्युटर त्याला ठाऊक नसेल. मग उद्याचे मूल त्याला विचारील, 'माझी आई लहान होती तेव्हा तू कसा होतास?' तेव्हा उत्तर येईल ते कोणत्या तरी परदेशी घराचे, कोणत्या तरी परक्या बालपणाचे असेल, केवळ मराठीत घातलेले.

हे टाळणे अवघड नाही. ज्यांच्यापाशी ही आठवण आहे ती माणसे आज तिशी-पन्नाशीच्या दरम्यान आहेत, मराठीत विचार करू शकतात, आणि त्यांची आईवडील बहुधा अजून हयात असल्याने दोन्ही बाजू ऐकून घेता येतील. त्यांनी संगणकाचे गुणगान करू नये, त्याला शापही देऊ नये. त्याच्याशेजारी बसून घालविलेली एक दुपार, एक भांडण, एक गेलेली फ्लॉपी, आईने शिकलेली पहिली कळ, एवढे नेमकेपणाने लिहिले तरी पुष्कळ झाले. साने गुरुजींना 'श्यामची आई' लिहावयास तुरुंगातील पाच दिवस पुरले, कारण आठवण मनात तयार होती. या पिढीची आठवणही तयार आहे. ती अजून सांगितली गेलेली नाही, इतकेच.